मनूच्या बाजूची जागा

मु. खारबोरी, धरमतर खाडी
६ नोव्हेंबर २०२३

काशिनाथ यास कमळताईचा सलाम.

फोन करणार होते. पण फोनवर तू "ताई, वर्ग चालू आहे" म्हणतोस आणि माझं बोलणं घशातच राहतं. कागदाला वर्ग नसतो. शिवाय बाबांनीच सांगितलं, कागदावर लिही, कागदावरचं माणूस फिरवत न्हाय.

बाबांचं नक्की झालं. अलिबागच्या डॉक्टरनं मुंबईला पाठवलं, मुंबईवाल्यांनी परत पाठवलं. पोटात गाठ हाय, पसरली हाय, कापायची वेळ गेली. नाताळ बघतील, त्याच्या पुढचं आम्ही सांगत न्हाय, असं म्हणाले. बाबांना सगळं माहीत हाय. येताना मांडव्यापर्यंत लाँचवर बाहेरच्या बाकावर बसले होते. मला म्हणाले, "कमळ, मला मनूच्या बाजूला ठेवा. दुसरं काय नको." आईला जाऊन नऊ वर्षं झाली, अजून मनूच म्हणतात.

आईच्या बाजूला जागा हाय. तिला पुरलं तेव्हा बाबांनीच सोडून ठेवली होती. पण मी रितेश पाळकांकडे गेले तर ते म्हणाले, पंचांना विचारतो, आणि पंचांनी न्हाय म्हटलं. नियम तुला ठाऊक हाय. बाप्तिस्मा न्हाय तर कबरस्थानात जागा न्हाय. आणि बाप्तिस्मा घ्यायचा तर घरातल्या कर्त्या पुरुषानं देव्हाऱ्यातले टाक आपल्या हातानं काढून खाडीत सोडायचे. आईला, तुला, मला तेव्हा सूट मिळाली, कारण बाईला आणि पोरांना घर नसतं, घर पुरुषाचं. मंडळीच्या ह्या हिशोबावर मी लहानपणी पण हसले होते, तेव्हा आईनं चिमटा काढला होता.

टाक काय बाबा पुजतात? टाक ठमाआत्याचे. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती परत आली, तेव्हापासून सकाळचं पहिलं पाणी एकवीरेला आणि खंडोबाला, मग तिच्या तोंडात चहा. बाबा काय म्हणतात ते तू ऐकलंच हायस, "विश्वास माझा हाय, देव तिचं हायत. मी माझा देऊ शकतो, तिचं कसं देऊ?" म्हणून एकतीस वर्षं बाबा प्रार्थनेला येतात आणि प्रभुभोजनाची भाकर फिरायला लागली की उठून बाहेर पायरीवर जाऊन बसतात. पावसात छत्री घेऊन बसतात. कुणाला काही म्हणालेत कधी?

तू विश्वासानं माणूस नीतिमान ठरतो ह्यावर डॉक्टर झालास. जाड पुस्तक लिहिलंस. आम्हाला त्यातलं काय कळत न्हाय, पण पंचांना तुझा मान हाय. पाळकांना दोन ओळी लिही, की हिरामण मोकल विश्वासानं नीतिमान हाय, त्याला बायकोच्या बाजूला जागा द्या. तुझ्या दोन ओळींनी काम होईल.

ताई

---

बंगळूर
१५ नोव्हेंबर २०२३

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांचं वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. त्यांना सांग, मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.

तू मागतेस त्या दोन ओळी तुला वाटतात तितक्या सोप्या नाहीत. रागावू नकोस, समजावून सांगतो. माणूस नियमशास्त्रातल्या कृत्यांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो, असं बायबलात पौलाने लिहिलं. या वाक्यावर पाचशे वर्षं वाद चालू आहे. माझे गुरुजी (त्यांना तू माझ्या पदवीदानाला पाहिलंस, पांढरी दाढी) म्हणतात की हे न्यायालयातलं वाक्य आहे. माणूस आरोपी, सगळा पुरावा त्याच्या विरुद्ध, आणि तरी देव त्याचा नुसता विश्वास पाहून त्याला निर्दोष सोडतो. बाकी काही लागत नाही.

मी माझ्या पुस्तकात त्यांना विरोध केला. माझं म्हणणं, पौलापुढचा प्रश्न न्यायालयाचा नव्हता, पंगतीचा होता. कुणी कुणाच्या शेजारी जेवायला बसायचं, हा होता. नीतिमान ठरवणं म्हणजे देवाने "हा माझ्या घरचा" असं चारचौघांत जाहीर करणं. म्हणून विश्वास हा एकट्याने मनात जपायचा भाव नाही, त्याला मंडळीत दिसणारं रूप हवं, आणि बाप्तिस्मा हे ते रूप.

आता पुढच्या महिन्यात जर्मनीत परिसंवाद आहे. तिथे गुरुजी आणि मी समोरासमोर असू. अशा वेळी मी एका मंडळीला "नुसता विश्वास पुरे, बाप्तिस्मा नको" असं लेखी दिलं, तर ते पत्र फिरत फिरत कुठे पोचेल सांगता येत नाही. हे क्षेत्र लहान आहे. लोक म्हणतील, पुस्तकात एक आणि घरात एक. परिसंवाद होईपर्यंत थांबता आलं तर बघ.

आत्याला नमस्कार.

तुझा,
काशिनाथ

---

खारबोरी
२२ नोव्हेंबर २०२३

काशिनाथ,

बाबांना सांगते, थांबा, काशिनाथ जर्मनीला जाऊन येतो मग मरा.

तुझं पत्र संध्याकाळी मोठ्यानं वाचलं. बाबा खाटेवर, आत्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत. आत्याला विषय कळला की न्हाय माहीत न्हाय, पण तुझं अक्षर बघायला उठून आली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंगतीचं बरोबर बोलतो पोरगा. मग मला पायरीवर कशाला बसवलं?" ह्याचं उत्तर तुला येत असलं तर कळव.

आता तुला एक गंमत सांगते. तुझं पुस्तक रितेश पाळकांकडे हाय. पंचांच्या बैठकीत त्यांनी तुझंच पान वाचून दाखवलं, पेन्सिलीनं खूण केलेलं, ते बाप्तिस्म्याचं रूप का काय ते. म्हणाले, हिरामणकाकांचा मुलगाच असं लिहितो, आम्ही कोण मोडणारे? माणूस वाईट न्हाय रे तो. तिशीचं पोरगं, सांगताना डोळ्यांत पाणी होतं. पण पुस्तक तुझं होतं. आम्हाला अडवायला बाहेरचं कोण लागलंच न्हाय.

मी पंचांना म्हटलं, बाबांनी काय कमी केलं? कबरस्थानाला बांध कुणी घातला? खाडीचं उधाण आलं की पाणी कबरींत शिरायचं, आठवतं ना? दिवसभर मिठागरात मीठ ओढून संध्याकाळी टोपल्यानं माती बाबांनी टाकली, तीन वर्षं. दरवर्षी नाताळच्या आधी प्रार्थनाघराला चुना बाबा काढतात. तर एक पंच म्हणतात, बाई, कामानं कोणी तरत नाही. मग मी म्हटलं, विश्वास तर हायच. तर दुसरे म्हणतात, कामाशिवाय विश्वास मेलेला, टाक काढल्याचं काम कुठाय? म्हणजे विश्वास दाखवला तर काम मागायचं, काम दाखवलं तर विश्वास मागायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तू ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुला गुरुजींची भीती वाटते, तर तसं म्हण. भीती वाटणं हे पाप न्हाय. बाबांचं जेवण आता पेजेवर आलंय, तीही अर्धी वाटी. मला लिही, हो की न्हाय.

ताई

---

बंगळूर
१ डिसेंबर २०२३

प्रिय ताई,

तुझे शब्द लागले. लागायलाच हवे होते. पण पाळकांनी माझं अर्धंच म्हणणं वाचलं, हे आधी सांगतो. पौलाने माणसांमधली भिंत पाडली, उभी केली नाही, हे त्याच प्रकरणाच्या शेवटी आहे. ते मी त्यांना कधीतरी सावकाश समजावीन. आत्ता वेळ नाही आणि पत्राने ते व्हायचं नाही.

मी आठवडाभर विचार केला आणि मला एक वाट दिसते आहे. तिच्यात कुणालाच मागे हटावं लागत नाही, पंचांना नाही आणि मलाही नाही. हे पत्र बाबांना नीट वाचून दाखव.

बाबा, तुम्ही टाक काढत नाही कारण तुम्हाला ते फार मोठं काम वाटतं. पण सगळं शास्त्र हेच सांगतं की कृत्यांनी माणूस नीतिमान ठरत नाही. म्हणजे टाक देव्हाऱ्यात राहिले म्हणून तुम्ही बुडत नाही, आणि खाडीत सोडले म्हणून तरतही नाही. देवाच्या दृष्टीने ते कृत्य शून्य आहे. मग शून्यासाठी अडून का बसायचं? चांदीचे चार पातळ पत्रे आहेत. ते काढले तर काय बिघडलं? बाप्तिस्मा होईल, आईच्या बाजूची जागा मिळेल, आणि पंचांचाही मान राहील. आत्यालाही समजवा. तिच्या श्रद्धेला टाकांची गरज नाही, ती मनात करू शकते. माझी आत्या मोठ्या मनाची आहे.

ताई, हे मनापासून लिहिलं आहे. यापेक्षा चांगला मार्ग मला दिसत नाही.

तुझा,
काशिनाथ

---

खारबोरी
११ डिसेंबर २०२३

काशिनाथ,

तुझं पत्र मोठ्यानं वाचायला नको होतं. मी पुढची ओळ न बघता वाचत गेले. "माझी आत्या मोठ्या मनाची आहे" इथं आले आणि बघते तर आत्या तांदळाचं सूप बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होती. मला म्हणाली, "माझं नाव लिवलंय त्यात? परत वाच." मी परत वाचलं.

परवा सकाळी ओहोटीला तिनं टाक नेले. आदल्या दिवशी उपास धरला होता, मला वाटलं नेहमीचा. टाकांना न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं, भाताचा आणि नारळाचा निवद दाखवला. बाबांना गोळीनं झोप लागली होती. नव्या खणात गुंडाळून, ताम्हणात घेऊन, पदर डोक्यावरून घेऊन निघाली. मी अंगणवाडीत जायला निघत होते, बांधावर मला दिसली. मी धावले. चिखलात गुडघ्यापर्यंत उतरली होती. मी म्हटलं, आत्या, काय करतेस, थांब. ती माझ्याशी बोललीच न्हाय, टाकांशी बोलत होती. "हिराला जागा पायजे. तुम्हाला पाण्यात जागा हाय, त्याला मातीत न्हाय." आणि सोडले. एकदम न्हाय. एक एक.

घरी आल्यावर पाय धुतले आणि सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन देव्हाऱ्यापाशी गेली. तिथं उभी राहिली, मग तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि चहा ठेवला.

बाबा उठले, त्यांना देव्हारा दिसला. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. बोलत न्हाईत, पेज न्हाय घेत. मी पाळकांना सांगितलं, टाक घरात न्हाईत. पंचांना एवढं पुरलं. येत्या रविवारी, सतराला, बाप्तिस्मा ठरलाय. हौदात उतरवणार न्हाईत, खुर्चीत बसवून डोक्यावर पाणी घालायला पंच तयार झालेत. माझा प्रज्योत, तुझा भाचा, न्हावा शेव्याला बंदरात ट्रेलर उभा करून येणार हाय, बाबांना उचलायला.

तू ये. जर्मनी कुठं पळून जात न्हाय.

ताई

---

बंगळूर
१४ डिसेंबर २०२३

प्रिय ताई,

प्रभूची स्तुती असो. तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. आत्याने जे केलं त्याला मी काय म्हणू? इतकी वर्षं जे कुणाला जमलं नाही ते प्रेमाने जमलं.

बाबा बोलत नाहीत याची काळजी करू नकोस. एकतीस वर्षं पायरीवर बसलेल्या माणसाला आत बोलावणं आलं आहे. तो आनंद शब्दांत येत नसेल. मोठ्या क्षणाआधी माणूस असाच गप्प होतो.

माझं विमान शुक्रवारी पहाटे आहे. तिकीट बदलता येईल का ते पाहिलं, पण माझं सत्र पहिल्याच दिवशी आहे आणि गुरुजी मुद्दाम त्यासाठी येत आहेत. मी रविवारी तिथल्या मंडळीत बाबांसाठी प्रार्थना करीन. वेळेचा फरक धरून अगदी त्याच वेळी. नाताळनंतर लगेच येतो. बाप्तिस्म्याचा फोटो काढून ठेव.

तुझा,
काशिनाथ

---

बंगळूर
२० जुलै २०२४

प्रिय ताई,

सलाम. जानेवारीत आलो तेव्हा अर्धाच दिवस राहिलो, याची रुखरुख आहे. तूही फारशी बोलली नाहीस. बाबांना अग्नी दिला गेला हे मी समजू शकतो. बाप्तिस्मा झालाच नाही तर पंच तरी काय करणार? रविवारी तब्येत जास्त बिघडली, हे मी तुला विचारलं तेव्हा तू "व्हय" म्हणालीस आणि आत गेलीस. चार दिवसांत ते गेलेच. देवाने त्या रविवारपुरती ताकद दिली असती तर, असं सारखं मनात येतं.

सोबत एक पुस्तिका पाठवत आहे. जर्मनीतला माझा निबंध मराठीत छापून आला आहे. बावन्न पानापासून वाच. तिथे मी बाबांबद्दल बोललो. ठरवलं नव्हतं. गुरुजींनी उठून विचारलं की तुमच्या या पंगतीच्या सिद्धांतात मरणाऱ्या माणसासाठी काय आहे, आणि माझ्या तोंडून बाबांची गोष्ट आली. सभागृह स्तब्ध झालं. नंतर गुरुजी स्वतः माझ्याजवळ आले आणि हात हातात घेऊन उभे राहिले. बाबा गेल्याचा तुझा फोन त्यानंतर पाच दिवसांनी आला; शेवट तेवढा छापताना जोडला.

ऑगस्टपासून विभागप्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली आहे. बाबा असते तर त्यांना आवडलं असतं.

तुझा,
काशिनाथ

---

खारबोरी
२ ऑगस्ट २०२४

काशिनाथ,

पुस्तिका मिळाली. बावन्न पानापासून वाचलं. ह्या वेळी आधी मनात वाचलं.

तू लिहितोस, "कोकण किनाऱ्यावरील एक निरक्षर मिठागर कामगार." बाबा चौथी झाले होते. तुला बाराखडी त्यांनी मिठाच्या ढिगावर काडीनं शिकवली. पुढं लिहितोस, "आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यात त्याने घरातील देव स्वहस्ते खाडीत विसर्जित केले आणि बाप्तिस्म्याची वाट पाहत तो प्रभूच्या विसाव्यात गेला. त्याच्या विश्वासाला अखेर दृश्य रूप मिळाले."

स्वहस्ते? मी तुला लिहिलं होतं कुणाच्या हातानं. चिखल कुठवर होता तेसुद्धा लिहिलं होतं. ते पत्र हातात असताना तू हे लिहिलंस. आत्याला तू चार शब्दांतपण ठेवलं न्हाईस.

आता राहिलेलं ऐक. जानेवारीत सांगणार होते. तू मांडव्याला उतरलास तेव्हाच परतीच्या लाँचची वेळ विचारत होतास, म्हणून राहिलं. आणि खरं सांगायचं तर तुला वाईट वाटू नये असं पण वाटलं. मीच मूर्ख.

रविवारी बाबांची तब्येत बिघडली न्हवती. रविवार झाला. प्रज्योतनं आणि शेजारच्या दोघांनी खुर्चीतून नेलं. प्रार्थनाघर भरलं होतं. आत्या बाहेर पायरीवर बसली होती, ती आत येत न्हाय. पाळकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. ख्रिस्तावर विश्वास आहे का? बाबा म्हणाले, "हाय. पयल्यापासून हाय." मग तो प्रश्न, घरातले देव आपल्या हातानं काढलेत का? आठवडाभर तोंड न उघडलेला माणूस मोठ्यानं म्हणाला, "न्हाय. माझ्या भैनीनं काढलं. मला विचारलं न्हाय."

रितेश पाळक वाकून हळूच म्हणाले, काका, कोणी काढले ते जाऊ द्या, नुसतं "हो" म्हणा. तोच पंच, काम मागणारा, तोही म्हणाला, म्हणा हो, हिरामणकाका. त्यांना द्यायचं होतं रे. सगळ्यांना द्यायचं होतं. बाबा म्हणाले, "इथं खोटं बोलून मी मनूच्या बाजूला झोपू? ती उठून बसंल." कुणीतरी हसलं. मग बाबा म्हणाले, "ठमानं माझ्यापायी तिचं देव सोडलं. मी तिच्यापायी एक खड्डा सोडू शकत न्हाय? मला नको ते पाणी. मला भायेर न्या."

मी पाया पडले. म्हटलं, बाबा, आत्यानं केलेलं वाया जाईल. तर माझ्यावर ओरडले. "वाया काय जाईल? तिनं केलं ते केलं. ते मी वापरणार न्हाय." प्रज्योतनं खुर्ची बाहेर नेली. आत भाकर फिरत होती आणि दोघं बहीणभाऊ पायरीवर बसले होते. आत्या त्यांच्या तोंडावरच्या माशा हाकत होती. तिला वाटलं काम झालं. तिनं विचारलं, "भेटली जागा?" बाबा म्हणाले, "भेटली." ह्या एका बाबतीत बाबा खोटं बोलले, आणि ते मी ऐकलं.

गुरुवारी गेले. पंचांनी जागा दिली न्हाय, कारण सगळ्यांसमोर नको म्हणालेला माणूस. भावकीतले म्हणाले, देव्हारा रिकामा केला, तर मग न्या तुमच्या किरिस्तावांकडे. शेवटी मिठागरातल्या चौघांनी खांदा दिला आणि पंचायतीच्या शेडमध्ये अग्नी दिला. तू नव्हतास म्हणून प्रज्योतनं दिला. आत्याला तिथं कळलं, की जागा भेटली न्हवती.

तुझ्या सभागृहात जी गोष्ट ऐकून माणसं स्तब्ध झाली, ती बाबांची न्हाय. बाबांनी तुझी वाट घेतली न्हाय, तुझ्या गुरुजींचीपण घेतली न्हाय. तू त्यांच्या तोंडात आपलं उत्तर घातलंस. मेलेल्या माणसाला तेवढं तरी सोडायचं होतंस.

कमळ

---

बंगळूर
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

तुझं पत्र आल्यापासून मी वर्ग घेतलेले नाहीत.

"स्वहस्ते" हा शब्द मी जाणून लिहिला. खोटं बोलणार नाही. आत्याचं सांगितलं असतं तर सगळं गुंतागुंतीचं झालं असतं. त्या लोकांना टाक म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं असतं, आणि मग कृत्य कुणाचं, विश्वास कुणाचा, हा प्रश्न गुरुजींनी धरून ठेवला असता. मला दहा मिनिटं होती. मी गोष्ट सोपी केली.

प्रकाशकांशी बोललो. पुस्तिकेच्या प्रती गेल्या आहेत. निबंध आता इंग्रजी ग्रंथातही येतो आहे आणि त्याची पानं छपाईला गेली. आता बदल करता येत नाही असं ते म्हणतात. दुसरी आवृत्ती निघाली तर तळटीप घालू. मी तिचा मसुदा करून ठेवला आहे. तुला दाखवीन.

ताई, एक विचारू का? बाबा माझ्याबद्दल शेवटी काही म्हणाले का? खरं सांग. मी ऐकायला तयार आहे. आणि आत्याला मी काय लिहू ते सांग. तिला स्वतंत्र पत्र लिहावं असं वाटतं. तिची माफी मागायची आहे.

तुझा,
काशिनाथ

---

खारबोरी
२५ ऑगस्ट २०२४

काशिनाथ,

बाबांनी तुझं नाव एकदा घेतलं, जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी. म्हणाले, "काशिनाथला कळवू नकोस मी काय बोललो ते. त्याची नोकरी हाय." मी कळवलं. बाबांचं ऐकलं न्हाय, ते माझ्या डोक्यावर.

मसुदा दाखवू नकोस. आणि आत्याला पत्र लिहू नकोस.

भावकीनं ह्या वर्षी एकवीरेला जाताना तिला विचारलं न्हाय. टाक घराण्याचे होते, एकटीनं सोडले म्हणून. रितेश पाळक दोनदा घरी आले, म्हणाले, आजी, तुम्ही या, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो. तिनं त्यांना चहा दिला. मी एकदा चिडून विचारलं, आत्या, तू आता नक्की कुणाची? म्हणाली, "हिराची भैन." आणि भाकरी थापायला लागली.

तिची माफी मागून तुला बरं वाटेल, मला माहीत हाय. पण तिला वाचता येत न्हाय, म्हणजे मलाच ते मोठ्यानं वाचावं लागणार. तुला सांगते काय होतं. पोस्टमनची सायकल दिसली की ती हातातलं टाकून आत जाऊन बसते. काल मी विचारलं, कशाला घाबरतेस? तर म्हणाली, "काशिनाथचं पत्र आलं आन् त्यात माझं नाव आसलं तर? मी आता काय देऊ?"

कमळ